बिनमिशीचे डॉक्टर

ठाण्याच्या तळ्यावरून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक बसकं कौलारू घर होतं. तिथल्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाणारा माणूस आपल्या कानाचं किंवा नाकाचं गाऱ्हाणं सांगण्याआधी त्यांनाच एक प्रश्न विचारायचा. मीही विचारला होता, "वडील कधी गेले आपले?"

"वडील आत जेवताहेत," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही कान दाखवा."

विचारणाऱ्याचा काही दोष नसायचा. चाळिशीचा धडधाकट गृहस्थ, डोक्याला पागोटं, अंगात इस्तरीचा लांब कोट, आणि ओठावर मिशीचा पत्ता नाही. त्या काळी आपल्याकडे मिशी उतरायची ती आईबाप गेल्यावर, आणि तीही लवकरच पुन्हा वाढायची. यांची वर्षानुवर्षं उतरलेलीच. न्हावी एक दिवसाआड यायचा. वडील पंच्याहत्तरीचे, कडक सोवळ्याचे. मुलानं आपल्या जिवंतपणीच आपलं सुतक धरलं म्हणून ते त्याच्या पंक्तीला बसायचे नाहीत. एकाच चुलीवरचं अन्न बाप आत जेवायचा आणि लेक पडवीत. गावातल्या टवाळांनी डॉक्टरांना 'बिनमिशीचे डॉक्टर' असं नाव पाडलं आणि ते रेल्वेच्या रुळांवरून कल्याणपर्यंत येऊन पोचलं. खरं नाव काय ते पुष्कळांना ठाऊकही नव्हतं. डॉक्टरांना त्याचं काही वाटत नसे. मिशीचं कारण मात्र ते कोणाला सांगत नसत, आणि विचारणाऱ्याला आधी तोंड उघडायला लावून घसा बघत, म्हणजे प्रश्न आपोआप बंद पडे.

त्यांनी मुंबईला डॉक्टरी शिकून ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात काही वर्षं काढली होती. सगळ्या शरीराची विद्या शिकून आलेल्या या माणसानं हळूहळू गळ्याच्या खालचं सगळं इतरांना देऊन टाकलं आणि आपल्याकडे फक्त कान, नाक आणि घसा ठेवला. पोटदुखीवाला आला की म्हणत, "चार घरं सोडून वैद्य आहेत, त्यांच्याकडे जा. माझं राज्य कंठाशी संपतं." एवढ्याशा राज्यावर प्रपंच कसा चालणार, अशी काळजी लोकांना वाटे. पण ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या भातशेतीत आणि मिठागरांत कान फुटलेले, नाकात मांस वाढलेले, गळ्यात गाठी आलेले लोक इतके निघाले, की सकाळी त्यांच्या पडवीत पाय ठेवायला जागा नसे.

पडवी पूर्वेची होती, आणि तोच त्यांचा दवाखाना. कपाळावर पट्ट्यानं बांधलेला एक वाटोळा आरसा, त्याला मधोमध भोक. दुखणेकरी उन्हाकडे पाठ करून बसे, डॉक्टर समोर. ऊन आरशावर पडून तिरपं कानात शिरे आणि भोकाला डोळा लावून डॉक्टर आतलं बघत. आभाळ भरून आलं की काम बंद. एकदा खुद्द मामलेदार आले आणि नेमके ढग आले. डॉक्टरांनी वर बोट दाखवून सांगितलं की मोठे साहेब रजेवर गेलेत, बसावं लागेल. मामलेदार दोन तास बाकावर एका कोळणीच्या शेजारी बसले. पावसाळ्यात घासलेटच्या दिव्यावर काम चाले, पण कळा सोसवत नसतील त्यांचंच. बाकीच्यांना ते सांगत की अंधारात दुसऱ्याच्या घरात शिरतो त्याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे.

त्यांच्या हाताची कीर्ती होती, आणि तो हात त्यांनी कुणाकडून घडवून घेतला हे ऐकून आमच्या कल्याणचे शिकलेले लोक नाकं मुरडत. लाल पगडीत सळया खोचून कानातला मळ काढत गावोगाव हिंडणारे एक म्हातारे चाचा होते. डॉक्टर लोक या मंडळींच्या नावानं बोटं मोडतात. यांनी चाचांना हाक मारून घरातल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसवलं आणि आपण खाली बसून त्यांची सळई धरायची रीत शिकले. बरेच दिवस शिकले. मला त्यांनी त्याचं कारण सांगितलं होतं. "चाचांच्या सळईखाली माणसाला डुलकी लागते आणि माझ्या चिमट्याखाली माणूस बाकाची कड घट्ट धरतो. मग कोणी कोणाकडून शिकायचं?" बदल्यात चाचांना त्यांनी सळई उकळत्या पाण्यात घालायला शिकवलं, आणि कान वाहत असेल तर त्याला हात न लावता माणूस ठाण्याला पाठवायला शिकवलं. पुढे चाचांनी पाठवलेले दुखणेकरी पडवीत आधी बसत.

पण डॉक्टरांचं खरं वेड वेगळंच होतं. बऱ्या झालेल्या माणसाच्या घरी ते कधीही जात नसत. एका बड्या वकिलाचं नाक वर्षानुवर्षं बंद होतं. कोर्टात बोलताना त्याचा आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा येई. डॉक्टरांनी नाकातलं मांस काढलं आणि वकिलाला पंधरा वर्षांनी आमटीचा वास आला. त्यानं घरी सत्यनारायण घातला, डॉक्टरांना आणायला गाडी पाठवली. गाडी रिकामी परत गेली. वकील रागावून स्वतः आला तेव्हा डॉक्टर त्याला म्हणाले, "तुम्ही बरे झालात ना? मग माझं तिथं काय काम आहे?" पेढे आले की ते बाकावरच्या लोकांत वाटून टाकत आणि आणणाऱ्याला वाटेला लावत.

ते जात ते बिघडलेल्यांकडे. ज्याचं आपल्या हातून वाईट झालं, त्याच्या घरी दर रविवारी किंवा रविवाराआड जाऊन तासभर बसायचं, असा त्यांचा नेम होता. जगात सगळे डॉक्टर अशी घरं टाळून पलीकडच्या आळीनं जातात. हे नेमके तिथेच. त्यामुळे व्हायचं काय, की रविवारी हे कोट घालून बाहेर पडले की शेजारपाजार खिडकीतून बघे, हे कोणाच्या दाराशी थांबतात ते. ज्याच्या दाराशी थांबले त्याच्या घरात काय झालंय ते सगळ्या आळीला कळे. नवीन दुखणेकऱ्यांच्या बायका देवापुढे हात जोडून म्हणत, देवा, आमच्या घरी डॉक्टर न येवोत.

यापायी त्यांनी सरकारी नोकरी सोडली. बढती देऊन खानदेशात बदली केली होती. वरच्या साहेबाला त्यांनी कळवलं की माझी चार घरं ठाण्यात आहेत, ती सोडून मला जाता येणार नाही. साहेबाला वाटलं, यांची चार घरांची मिळकत आहे.

आता माझं सांगतो. मी कल्याण स्टेशनात तारमास्तर होतो. कल्याणहून एक रूळ कसाऱ्याकडे जातो आणि एक कर्जतकडे, तेव्हा आमच्या खोलीत तारेचं यंत्र दिवसरात्र कडकट्ट वाजत असे. गाडी सुटली, गाडी थांबवली, रूळ मोकळा, रूळ अडलेला, हे सगळं त्या कडकट्टमधून कानानं ओळखून कागदावर उतरवायचं. पंचविशी नुकतीच उलटलेली, घरात आई आणि बायको, आणि सगळा संसार माझ्या दोन कानांवर उभा. त्यातला डावा लहानपणी वाहून अर्धा झाला होता. उजवा शाबूत होता, म्हणून कुणाला पत्ता लागला नव्हता.

तो उजवा दुखायला लागला. आईनं लसूण घालून तेल कढवलं आणि ओतलं. दुखणं वाढलं तसं तेल वाढलं. दाखवायला गेलो तर कानाची बोंब साहेबापर्यंत जाईल या भीतीनं मी ते महिनाभर दाबलं. एकदाच चोरून ठाण्याला गेलो, तो वर सांगितलेला प्रश्न विचारला तेव्हा. डॉक्टरांनी आरशातून बघितलं आणि आजच्या आज इथं राहा म्हणाले. मी ड्यूटीचं निमित्त सांगून परत आलो. आठवड्यानं कानामागे लिंबाएवढी सूज आली, ताप चढला, मी बरळायला लागलो, तेव्हा स्टेशनातल्या माझ्या मित्रानं मला गाडीत घालून ठाण्याला नेलं. क्लोरोफॉर्म हुंगवून डॉक्टरांनी कानामागचं हाड कोरलं आणि आत साठलेली घाण काढली. आणखी एक दिवस गेला असता तर ती मेंदूत उतरली असती, असं त्यांच्या हाताखालच्या कंपाउंडरानं मला मागाहून सांगितलं. तीन आठवड्यांनी मी पायानं चालत घरी आलो. आईनं दृष्ट काढली.

त्या रविवारी मी ओटीवर पडलो होतो. बायको लगबगीनं आत गेली आणि आई भिंतीला धरून उभी राहिली. मान वळवून बघतो तर दारात डॉक्टर.

ते कोणाच्या दारात येतात हे मला ठाऊक होतं. पण मी बरा होतो. ताप नव्हता, जखम सुकली होती; उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं, पण तेही हळूहळू येईल असं मी धरून चाललो होतो. मी उठून बसलो आणि त्यांना म्हटलं की आपण घर चुकलात, मी तर वाचलो. ते समोर उजेडात बसले. सावकाश, न ओरडता, एकेक शब्द ओठांवर स्पष्ट धरून बोलले.

"जीव वाचला तो तुमच्या नशिबानं. उजवा कान गेला तो माझ्या हातानं. हाड कोरताना माझी पटाशी केसभर आत गेली. गेली नसती तर थोडं तरी ऐकू आलं असतं. तो कान आता परत यायचा नाही."

हे त्यांनी सांगितलं नसतं तर कोणाला कळणार होतं? दुखण्यानं कान गेला असं मी म्हटलं असतं आणि जन्मभर त्यांचे पाय धरले असते. मला त्यांचा संताप आला. जीव वाचवल्याबद्दल जेवढा गहिवर आला नव्हता तेवढा कान घालवल्याचा राग आला, आणि मी नाही नाही ते बोललो. डॉक्टरांनी ते ऐकून घेतलं. तासभर बसले, पाणी प्यायले आणि गेले. पुढच्या रविवारी पुन्हा आले.

ते असे येत राहिले. मी बोलत नसे तेव्हा आईशी बोलत. तिसऱ्या की चौथ्या रविवारी त्यांनी आमच्या घरात भलताच धर्म शिकवायला घेतला. माझी बायको त्या काळच्या रीतीप्रमाणे आईसमोर माझ्याशी बोलायची नाही, आणि बोललीच तर दाराआडून, मान खाली घालून. डॉक्टर आईला म्हणाले, सूनबाईंना सांगा, यांच्याशी बोलताना समोर उजेडात उभं राहायचं आणि तोंड वर करायचं, म्हणजे ओठ दिसतील. आईच्या कपाळाला आठी पडली. सुनेनं चारचौघांत नवऱ्याच्या तोंडाला तोंड द्यायचं म्हणजे काय ते तिला सोसवेना. डॉक्टर तिला म्हणाले, "मग तुमचा मुलगा या घरात एकटा पडेल, हे चालेल का तुम्हाला?" आई उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको माझ्यासमोर येऊन उभी राहिली, तिनं मान वर केली आणि चहा हवा का म्हणून विचारलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि तिला दिवसाउजेडी मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. यासाठी मी डॉक्टरांचा जन्माचा ऋणी आहे, बाकीचं सोडून द्या.

तेव्हाच कधीतरी एका रविवारी ते मला ठाण्यापलीकडच्या एका किरिस्ताव वाडीत घेऊन गेले. भाताची शेतं, एक लहानसं चर्च आणि कुडाची घरं. एका घरात मारी नावाची पंचविशीची बाई वालाच्या शेंगा सोलत बसली होती. डॉक्टर न सांगता तिच्यासमोर बसले आणि शेंगा सोलायला लागले. ती त्यांच्या ओठांकडे बघत होती आणि हसत होती. ते वाडीतल्या, बाजारातल्या गोष्टी आवाज न काढता नुसत्या ओठांनी तिला सांगत होते. मारीच्या आईनं मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मारी सात वर्षांची असताना तिच्या कानात चिंचोका गेला. डॉक्टर तेव्हा नुकतेच शिकून आलेले. घाईघाईत चिमट्यानं ओढायला गेले आणि चिंचोका आत गेला, पडदा फाटला. पाठोपाठ दुसराही कान सुजून गेला.

"पयल्या वर्साला मीच यांना बोलली, या घराची पायरी चढू नका," म्हातारी म्हणाली. "तरी येत. पोरीला वठ दिसाया पायजे म्हनून मिशी काढली. आता आयतार चुकला तं पोर जेवत नाय."

तर मिशीचं कारण हे होतं. बापाच्या पंक्तीतलं ताट त्यांनी यासाठी सोडलं होतं. परत येताना मी त्यांना विचारलं की वडिलांना हे सांगत का नाही. ते म्हणाले, सांगितलं तर ते मला क्षमा करतील, आणि मग ती चूक त्यांच्या घरात पुण्याई होऊन बसेल. मला हे तेव्हा पटलं नाही. अजूनही पुरतं पटलेलं नाही. पण माणूस तसा होता.

इकडे माझी रजा संपत आली होती. कानाच्या दुखण्याची बातमी वर पोचलीच होती. मुंबईहून एक गोरा साहेब येऊन मला यंत्रावर बसवून पारखणार आणि त्याच्याकडे माझ्या डॉक्टरांचा दाखला द्यायचा, असा हुकूम आला. नापास झालो तर नोकरी गेली. अर्ध्या कानाच्या तारमास्तराला दुसरीकडे कोण ठेवतो? आईनं दागिन्यांचा डबा उघडून बघायला सुरुवात केली, आणि बायको रात्रीची जेवत नाहीशी झाली.

माझ्या मित्रानं यावर तोड काढली. तो स्वतः तारमास्तर. तारेवर बोटं चालवणाऱ्या माणसांची एकेकाची ढब असते, हस्ताक्षरासारखी, आणि आम्हाला ती ऐकताक्षणी ओळखू येते. परीक्षेच्या दिवशी ठाण्याचा माणूस रजेवर, म्हणून तिथल्या यंत्रावर तो बसणार होता. आधी ठरलेला मजकूर तो सावकाश पाठवील आणि मी यंत्राकडे कान लावल्याचं सोंग करून लिहून काढीन. आमच्या धंद्यात ही युक्ती कोणाला नवी नव्हती. राहिला डॉक्टरांचा दाखला. रविवारी ते आले तेव्हा मी कागद पुढे केला. 'डावा कान कामास योग्य' एवढंच लिहायचं होतं. ज्यानं कान घालवला त्यानं एवढंही करू नये का?

डॉक्टरांनी दुहेरी चिमट्यासारखं एक पोलादी यंत्र काढलं. वाद्यं सुरात लावायला गोरे लोक ते वापरतात. ते गुडघ्यावर आपटून त्यांनी माझ्या डाव्या कानाशी धरलं. मला जेमतेम ऐकू आलं. मग त्यांनी मित्राच्या युक्तीबद्दल विचारलं. कुठून कळलं कोण जाणे, बहुधा बायकोनं आईला सांगितलं असेल आणि आईनं त्यांना. मी कबूल केलं. ते कागद घडी करून मला परत देत म्हणाले:

"तारमास्तर, तुमच्या घरी मी दर रविवारी येतो, कारण माझ्या हातून एक कान गेला. उद्या तुम्हाला रूळ अडल्याची तार ऐकू आली नाही तर गाडीत शेकडो माणसं असतील. तेवढे रविवार माझ्यापाशी नाहीत."

मी त्यांना पुन्हा या घरात पाऊल ठेवू नका असं सांगितलं. आईसमोर सांगितलं. नंतरचा आठवडा मी कसा काढला ते मला आठवत नाही, आठवायचंही नाही.

पुढच्या रविवारी ते आले. शिव्या खाऊनही परत येणारा दुसरा डॉक्टर मी पाहिलेला नाही. त्यांनी मला काही बोलू न देता तेच पोलादी यंत्र वाजवलं आणि या वेळी कानाशी न धरता त्याचा दांडा माझ्या दातांवर टेकवला. माझ्या डोक्यात घंटा वाजली. स्वच्छ, मोठी, लहानपणी ऐकली होती तशी. मी दचकून मागे सरलो. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्यांनी ते पुसलं नाही, कारण घाई होती. त्यांनी मला भराभर समजावलं. डाव्या कानाचं बाहेरचं दार मोडलंय, आतला ऐकणारा अजून जागा आहे. त्याच्यापर्यंत जायला हाडांतून वाट आहे. आठवडाभर आपल्याला हे सुचलं नाही म्हणून ते स्वतःवरच चिडले होते.

मग आमच्या ओटीवर जे चाललं ते बघायला शेजारी जमत. मित्रानं स्टेशनातलं एक टाकाऊ यंत्र आणून दिलं. त्याच्या पितळी दांड्याला बांबूची एक कामटी टेकवायची, दुसरं टोक मी दातांत धरायचं, मित्र संध्याकाळी ड्यूटीवरून येऊन वाजवायचा आणि मी लिहायचो. रविवारी मित्र नसला तर डॉक्टर स्वतः वाजवत. त्यांना जेमतेम आठदहा अक्षरं येत, तीही चुकत. एकदा पुष्कळ वेळ वाजवून त्यांनी मोठ्या आशेनं विचारलं, काय आलं? मी सांगितलं, काही नाही, कोंबडी दाणे टिपते आहे. बायको पदर तोंडाला लावून हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी हसलं होतं. आई म्हणाली, घोडा लगाम धरतो तशी धरलीय कामटी, पण धर बाबा.

परीक्षेच्या दिवशी डॉक्टर आपणहून कल्याणला आले. दाखला साहेबाच्या हातात दिला. साहेबानं तो मोठ्यानं वाचला. त्यात लिहिलं होतं की उजवा कान माझ्या शस्त्रक्रियेतील चुकीमुळे पूर्ण गेला आहे, डावा हवेतून निम्मा ऐकतो, हाडातून पुरा, आणि हा मनुष्य दातांनी तार घेतो. साहेब हसायला लागला. खोलीतले बाबूलोकही हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी साहेबाला विनंती केली की ठाण्याच्या यंत्रावरचा माणूस बदलावा, कारण तो यांचा मित्र आहे. साहेबानं तार करून कर्जतच्या एका अनोळखी माणसाला वर्तमानपत्रातला मजकूर पाठवायला सांगितलं.

मी कामटी दातांत धरली. पहिल्या ओळीत दोन अक्षरं गेली, मग हात बसला. माझ्याबरोबर साहेब स्वतःही यंत्रावरून ऐकून उतरवून घेत होता, ताळा करायला. अर्ध्यावर आलो तेव्हा शेजारच्या रुळावरून भलीमोठी मालगाडी आली. खिडक्या थरथरायला लागल्या, टेबल हललं, आणि साहेबाची पेन्सिल थांबली. त्याला काही ऐकू येईना. माझी चालू होती. गाडीचा शेवटचा डबा जाईपर्यंत मी सलग लिहीत होतो आणि साहेब माझ्या कागदाकडे बघत उभा होता.

कर्जतहून मूळ मजकूर मागवून ताळा केला. माझ्या कागदात सुरुवातीची दोन अक्षरं सोडून सगळं बरोबर निघालं. साहेबाच्या कागदात मधल्या पाच ओळी कोऱ्या होत्या. त्यानं कामटी उलटसुलट करून पाहिली आणि माझी नोकरी कायम असल्याचा शेरा दाखल्याच्या मागेच लिहिला. मी मागे वळलो तर डॉक्टर खोलीत नव्हते. ठाण्याची गाडी लागली होती, ते तिच्यात बसून निघून गेले होते.

रविवारी आईनं पहाटेच पुरण शिजत घातलं. बायकोनं ओटी सारवली, रांगोळी काढली. त्या दिवशी मला त्यांचे पाय धरायचे होते, नाही नाही ते बोललो त्याची क्षमा मागायची होती, आणि त्यांना आमच्या पंक्तीला बसवून पोटभर जेवू घालायचं होतं. घरच्या पंक्तीला बसायचं सुख त्यांना किती वर्षांत मिळालं नव्हतं ते मला माहीत होतं. मी स्टेशनवर जाऊन उभा राहिलो. सकाळची गाडी आली, रिकामी झाली आणि गेली. दुपारची आली. मी घरी आलो. चार पानं मांडलेली तशीच होती.

बायको चौथ्या पानासमोर उभी होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

"आले नाहीत ते," ती म्हणाली. "म्हणजे आपलं बरं झालं."

मी पाटावर बसलो आणि मला रडू आवरेना.